येऊन राहिली

चिचटोलीच्या स्टेशनावर आता उंच फलाट आहे, स्टीलचे बाक आहेत, आणि गाडी येण्याआधी तीन भाषांत बोलणारी एक न दिसणारी बाईही आहे. ती कुणासाठी गाडी थांबवत नाही. वेळ झाली की गाडी येते, माणसं चढतात, गाडी जाते. आमच्या लेआउटमधली, म्हणजे नव्या प्लॉटांच्या वस्तीतली, मंडळी याला सुधारणा म्हणतात, आणि ती आहेच. मी मात्र अजून फलाटाच्या टोकाला जाऊन उभी राहते आणि कुंपणाच्या भिंतीकडे बघते. भिंतीत बघण्यासारखं काही नाही. ही सवय मला मेश्राममास्तरांनी लावली.

मास्तर म्हणजे स्टेशनमास्तर नव्हेत. चिचटोली हा छोट्या लाईनवरचा, म्हणजे नॅरोगेजवरचा, नुसता हॉल्ट होता. नागपूरच्या इतवारीहून निघालेली ती खेळण्यातल्यासारखी गाडी उमरेडच्या बाजूला शेतांतून हलत-डुलत जायची आणि तशीच परत यायची. हॉल्टला मास्तर नसतो, तिकिटं विकणारा एजंट असतो. आमच्याकडे चिंचेचं झाड, झाडाखाली टिनाची खोली, खोलीच्या भिंतीला एक भोक आणि भोकातून बाहेर येणारं पुठ्ठ्याचं तिकीट, एवढाच सगळा संसार होता. पण मेश्राम त्या भोकामागे अशा थाटात बसायचे की त्यांना एजंट म्हणायला कुणाची जीभ वळत नसे. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, पॉलिश केलेले बूट. सगळा गाव चपला झटकत यायचा, आणि तिकीट देणारा माणूस बुटात!

मी साताऱ्याची. लग्न होऊन नागपुरात आले, काही वर्षं सक्करदऱ्याला भाड्यानं राहिलो, आणि मग यांनी चिचटोलीला प्लॉट घेतला. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, स्टेशन अगदी लागून. स्टेशन म्हणजे एक चिंचेचं झाड, हे सांगायचं तो विसरला. माझं ऑफिस शहरात. रोज असं जाऊन येण्याला इकडे अप-डाऊन करणं म्हणतात. मी अप-डाऊनवाली झाले, आणि पहिल्याच आठवड्यात मास्तरांची ओळख झाली.

त्यांच्याकडे एक काळी छत्री होती. बारा महिने हातात, आणि बारा महिने मिटलेली. एप्रिलात नागपूरचं ऊन सकाळीच डोक्यात शिरतं, माणसं रुमाल, ओढणी, पिशवी, मिळेल ते डोक्यावर घेतात. मास्तर छत्री काठीसारखी टेकत उन्हात उभे. मी एकदा न राहवून विचारलं.

"मास्तर, छत्री उघडत का नाही?"

"आमच्याकडं छत्री उघडनं म्हंजे लय मोठी गोष्ट होती जी," ते म्हणाले आणि त्यांनी मला हॉल्टचा सगळा इतिहासच ऐकवला.

त्यांच्या लहानपणी इथे हॉल्ट नव्हता. गाडी वळणावर जरा हळू व्हायची आणि निघून जायची. पण गावच्या मालगुजाराला, म्हणजे जमीनदाराला, शहरात जायचं असलं की त्याचा गडी रुळांच्या मधोमध छत्री उघडून उभा राहायचा. मग गाडी थांबायची. मालगुजार पान लावून, धोतर सावरून सावकाश यायचे, तोवर सगळी गाडी उभी. "आन दीक्षेच्या दिवशी," मास्तर म्हणाले, "आमची सारी टोली पांढरे कपडे घालून निंगाली. म्हातारे, लेकुरवाळ्या बाया, सारे. माहे बाबा सांगत, गाडी मांगून आली. आमी हात केले. गाडी आमच्या बाजूनं निंघून गेली. रिकामी होती म्हने." मंडळी मग रुळांच्या कडेनं नागपूरपर्यंत चालत गेली.

पुढे गावानं खेटे घालघालून हॉल्ट मिळवला. तो मंजूर झाला तेव्हा एजंटकी घ्यायला कुणी तयार नव्हतं, मेश्रामांनी ती घेतली आणि पहिल्याच दिवशी झाडाखाली उभं राहून जाहीर केलं, "गाडी कोनाच्या बापाची नाही." हे त्यांचं वाक्य पंचक्रोशीत गाजलं. एकदा मालगुजाराच्या नातवाचा गडी पूर्वीसारखी छत्री घेऊन पळत आला, धनी येताहेत, थांबवा म्हणाला. मास्तरांनी गार्डला हात केला, "सोडा." नातू पोहोचला तेव्हा चिंचेखाली धूर तेवढा उरला होता. छत्री गड्यानं रागानं तिथेच टाकली. मास्तर ती घरी घेऊन आले. हीच ती छत्री.

हे सगळं मला सांगताना ते हसत होते. पण माझ्या लक्षात आलं की ते वाक्य ते आता म्हणत नाहीत. दुसरेच लोक म्हणून दाखवायचे, तेही ते जवळपास नसताना.

आता मी ऐकलेल्या वाक्याबद्दल. सकाळची शहराकडे जाणारी गाडी आली की मास्तर खोलीतून बाहेर यायचे. माणसं चढायची, मिरच्यांची पोती चढायची, डबाभर शिंका सुरू व्हायच्या. गार्ड हिरवी झेंडी काढायचा. अशा वेळी मास्तर छत्री आडवी धरायचे आणि म्हणायचे, "थांबा जरा. पोरगी येऊन राहिली."

आमच्या साताऱ्याच्या मराठीत पोरगी येऊन राहिली म्हणजे सासरहून आली आणि माहेरीच राहिली. त्यात बोलणाऱ्याचा आवाज असा दाटलेला. मी मनाशी सगळी कथा जुळवली. बाळंतपणाला आली असेल, नाहीतर सासरी काहीतरी बिनसलं असेल. बिचारा बाप गार्डलासुद्धा सांगत सुटलाय. त्याचा गाडी थांबण्याशी काय संबंध, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण नागपुरात आल्यापासून इतकी वाक्यं डोक्यावरून जात होती की त्यात आणखी एक गेलं.

एके दिवशी ते खोलीबाहेर एकटेच उभे दिसले. शेतातून येणाऱ्या धुऱ्याकडे, म्हणजे बांधावरच्या पायवाटेकडे, बघत होते. मी म्हटलं, "काय मास्तर, आज गप्प?"

"पोरगी येऊन राहिली ना जी."

"हो, ऐकलं मी. बरी आहे ना?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच दचकले. तो चेहरा मी विसरणार नाही. घरात कुणी आजारी नसताना डॉक्टर दारात यावा तसा घाबरा, आणि त्याच वेळी आनंदलेला. मग ते म्हणाले, "बरी हाय." आणि धुऱ्याकडे वळून, "तुमी पुसलं. कोनी पुसत नाही."

झालं. रविवारी मी डिंकाचे लाडू केले आणि टोलीत, मास्तरांच्या वस्तीत, गेले. बुद्धविहारामागे त्यांचं स्वच्छ सारवलेलं घर होतं. मास्तर बाहेर गेले होते. त्यांच्या पत्नीनं, शेवंताबाईंनी, मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी डबा पुढे केला आणि म्हटलं, "मुलगी येऊन राहिलीये ना, तिच्यासाठी आणलेत."

शेवंताबाईंनी मान वळवली. भिंतीवर एका मुलीचा फोटो होता, दोन वेण्या, हसरी, कॉलेजच्या वयाची. फोटोला हार होता.

"तुमाले कोनं सांगतलं वं बाई?"

"मास्तरांनीच. रोज म्हणतात."

तेव्हा त्यांना उलगडलं. त्या माझ्याजवळ खाली बसल्या आणि लहान मुलीला समजावतात तसं मला म्हणाल्या, "तुमी तिकडच्या. आमच्यात येऊन राहिली म्हंजे येते आहे. वाटेवर हाय. अजून पोचली नाही."

इतवारीच्या बाजारात हिंदी बोलणाऱ्या कुणालाही हे एका क्षणात कळलं असतं. आ रही है, येऊन राहिली. मलाच ते कळायला फोटोसमोर बसावं लागलं.

मुलीचं नाव प्रज्ञा. टोलीतून कॉलेजात गेलेली पहिली मुलगी. त्या सकाळी तिची परीक्षा होती. घरून निघायला उशीर झाला. गाडी उभी होती, माणसं चढली होती, आणि प्रज्ञा धुऱ्यावरून धावत येताना सगळ्यांना दिसत होती, चपला हातात घेऊन. गार्डनं विचारलं, आ रही है, रोकूँ? त्या दिवशी नेमका मालगुजाराचा नातूही गाडीत होता. तो खिडकीतून म्हणाला, "काहून मास्तर, आता कोनाच्या बापाची हाय गाडी?"

"आन ह्यायनं सोडली वं," शेवंताबाई म्हणाल्या. "हात केला आन सोडली. म्हने, गाडी कोनाच्या बापाची नाही."

गाडी हलली तेव्हा मुलगी झाडापर्यंत आलीच होती. ती रागावली नाही. धापा टाकत हसली आणि म्हणाली, बरोबर हाय बाबा, आज मालेच उशीर झाला. मग ती सडकेवर गेली. शहराकडे जाणाऱ्या कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसली. शहर लागायच्या आधीच ट्रकनं दोघांना उडवलं.

"ते हासनं ह्यायले अजून खाऊन राहिलं," शेवंताबाई म्हणाल्या. "लडली असती, शिव्या देल्ल्या असत्या, तं हा मानूस वाचला असता." त्यांनी एक लाडू फोटोपुढे ठेवला, एक माझ्या हातावर दिला, आणि एक स्वतः खाल्ला. "गोड झाले," म्हणाल्या.

मी परत येताना धुऱ्यावरूनच आले. दुसरी वाट होती, पण पाय तिकडेच वळले. तूर उभी होती, वारा नव्हता. झाडापर्यंत पोहोचेस्तोवर मी एकदाही मागे पाहिलं नाही. का पाहिलं नाही, ते विचारू नका.

त्यानंतर मास्तरांचं ते वाक्य मला दुसऱ्या कानानं ऐकू येऊ लागलं. गाडी सुटायच्या बेताला ते छत्री आडवी करायचे. जुना गार्ड ओरडायचा, "आ रही है क्या, मेश्रामजी?" मास्तर धुऱ्याकडे बघत म्हणायचे, "येऊन राहिली." "तो आने दो." आणि गाडी उभी राहायची. फार नाही, एखादा माणूस धुऱ्याच्या त्या टोकापासून झाडापर्यंत धावत येईल एवढीच. त्या वेळात भाजीवाल्या बायका पदर सारखा करायच्या. सगळ्या खिडक्यांतली डोकी एकाच बाजूला वळलेली असायची. मग मास्तर छत्री खाली घ्यायचे, मान हलवायचे, आणि गाडी निघायची.

माणूस मोठा लबाड. या थांबण्याचा फायदा आम्ही सगळ्यांनी घेतला. लेआउटमधले लोक निवांत दुसरा चहा घ्यायचे, "मास्तरची पोरगी हाय ना" म्हणायचे आणि शेवटच्या क्षणी धावत सुटायचे. मास्तर प्रत्येकाला हात देऊन चढवायचे. मालगुजाराच्या नातवालासुद्धा. चिचटोलीला कुणाची गाडी चुकत नाही, अशी हॉल्टची ख्याती झाली. प्लॉटचे भावसुद्धा त्यावर चढले म्हणतात, खरंखोटं तो विकणारा जाणे.

एकदा हिवाळ्यात दाट धुकं होतं. नवा गार्ड आला होता, पोरगेलासा. मास्तरांनी छत्री आडवी केली. त्यानं वैतागून विचारलं, "कौन आ रही है? कोई तो नहीं दिखता." डब्याच्या दारात बसलेली एक भाजीवाली जुड्या मोजता मोजता म्हणाली, "दिसंल नं गा. थांब थोडा." तो थांबला. धुक्यात चपलांचा आवाज आला, असं माझ्याशेजारची बाई नंतर म्हणाली. मी ऐकला नाही. पण मी तिला नाहीही म्हटलं नाही.

मग छोटी लाईन बंद झाली. मोठी लाईन होणार होती. शेवटच्या गाडीला लोकांनी हार घातले, मोबाईलवर फोटो काढले, काहीजण रडले. मास्तर त्यात कुठेच नव्हते, ते आपल्या जागी उभे होते. त्या दिवशी छत्री आडवी झाली तेव्हा ड्रायव्हर, गार्ड, सगळ्यांनी मनापासून वाट पाहिली. कुणी येईना. शेवटी मास्तरांनीच छत्री खाली केली.

रूळ उचलले गेले. टिनाची खोली पाडली. आम्ही अप-डाऊनवाले खचाखच भरलेल्या बसमध्ये लोंबकळू लागलो. मास्तर मात्र रोज सकाळी बूट घालून चिंचेखाली यायचे. थांबवायला गाडी नव्हती. नुसती वाट होती. मला वाटायचं, गाडीच गेली, आता हा माणूस सुटेल. उलटंच झालं. पूर्वी तो थोडा वेळ वाट बघायचा, आता दुपार होईस्तोवर बघू लागला.

मग मुरमाचा उंच भराव पडला, मोठे रूळ आले, फलाट उठला. आणि खबर आली की लाईनला दोन्ही बाजूंनी भिंत होणार. गुरंढोरं येतात, माणसं आडवी-तिडवी जातात, म्हणून भिंत. पलीकडे जायला खालून बोगदा. लेआउटला आनंद झाला. मास्तर एका सकाळी माझ्या दारात आले. आजवर कधी आले नव्हते.

"मॅडम, भित धुऱ्यावरून जाते म्हंते."

"हो. पण बोगदा आहे ना मास्तर."

"तिले बोगदा मालूम नाही." ते उंबऱ्यातच उभे होते. "तिले धुराच मालूम हाय. भित झाली तं ती कुठून येईन जी?"

मी त्यांच्याबरोबर भिंतीच्या कामावरच्या साहेबांकडे गेले. मास्तरांनी मागणी केली, धुऱ्यासमोर एक माणूस जाईल एवढी फट ठेवा. साहेब भले होते. त्यांना वाटलं, घरात कुणी म्हातारं-कोतारं असेल. "काका, चढण आहे, पण हळूहळू सवय होते त्यांना," ते म्हणाले. मास्तर माझ्याकडे बघत राहिले, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी एवढंच म्हटलं, "साहेब, त्यांची मुलगी आहे." साहेबांनी हळहळून मान हलवली. नकाशात फट नव्हती.

भिंतीची शेवटची पाटी कशी बसली, ते मी पाहिलं नाही. चहाच्या टपरीवाल्या बबननं मला सांगितलं. सिमेंटच्या तयार पाट्या खांबांत सरकवत मजूर दोन्ही बाजूंनी येत गेले आणि धुऱ्यासमोर एक खिंड उरली. मास्तर त्या खिंडीत उभे राहिले. मुकादम छत्तीसगडचा होता. तो हात जोडून म्हणाला, बाबा, हटिए. मास्तरांनी छत्री आडवी धरली. "थांबा जरा. पोरगी येऊन राहिली."

मुकादमाला मराठी येत नव्हती, तरी त्याला ते बरोबर समजलं. "बिटिया आ रही है? तो आने दो." त्यानं मजुरांना जेवायला बसवलं. जेवणं झाली, तंबाखू मळून झाली. उन्हं उतरू लागली. बबन म्हणतो, मास्तर एकाएकी खिंडीतून बाजूला सरले, दारात पाहुणा आला की घरचा माणूस सरतो तसे. थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग मुकादमाला म्हणाले, "लावा आता." आणि घराकडे गेले. बबन चांगला बडबड्या माणूस, पण हे सांगताना तो चहाचं पातेलं उगाचच ढवळत होता.

मोठी गाडी सुरू झाली त्या आठवड्यात मी पुन्हा अप-डाऊनवाली झाले. पहिल्याच सकाळी फलाटाच्या टोकाच्या बाकावर मास्तर बसलेले दिसले. पांढरा शर्ट, बूट, गुडघ्यांमध्ये छत्री. बारीक झाले होते. गाडी आली. न दिसणारी बाई बोलली. लोक चढले. मी वाट बघत होते की आता ते उठतील, छत्री आडवी करतील, आणि हा नवा गार्ड लक्ष देणार नाही, आणि मला ते बघावं लागेल. मास्तर जागचे हलले नाहीत. मी दारातूनच विचारलं,

"मास्तर, आज गाडी नाही थांबवली?"

"आता कायले जी?" ते म्हणाले. चेहरा इतका मोकळा मी कधी पाहिला नव्हता. "भित व्हायच्या आदीच पोरगी येऊन राहिली."

एवढ्या वर्षांत मी नागपुरी शिकले होते. भाजीवालीशी घासाघीस करण्याइतकी, ऑफिसात भांडण्याइतकी. त्या क्षणी मात्र मला कळेना की हे वाक्य कुठल्या मराठीत ऐकायचं. ती अजून वाटेवर आहे, की माझ्या साताऱ्याकडे म्हणतात तशी आली आणि राहिली? विचारायला तोंड उघडलं तोवर गाडी हलली.

मी खिडकीकडे गेले. मास्तर बाकावरून उठले होते. ऊन आधीच कडक झालं होतं. त्यांनी छत्री हातात घेतली, कळ दाबली, आणि ती काळी जुनी छत्री मी पहिल्यांदाच उघडलेली पाहिली. ते फलाटावरून बोगद्याच्या दिशेनं निघाले, सावकाश, नवखी वाट कुणाला तरी दाखवत न्यावं तसे. छत्री त्यांनी डाव्या बाजूला लांब धरली होती, आणि मास्तर स्वतः उन्हातून चालत होते.